सूर्य मावळल्यावर स्लॅब अधिक का तापतो?

गच्चीखालचा (अकोला):
आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीच्या डोक्यावर थेट गच्ची आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता ही खोली कशीबशी सहन होते; मात्र रात्री आठनंतर, बाहेर वारा सुटलेला असतानाही, आत बसवत नाही आणि पंखा लावला की भट्टीची झळ यावी तशी हवा अंगावर येते. काल रात्री अकराला अनवाणी गच्चीवर गेलो, तर कोबा पायांना जवळपास गार लागला. खाली येऊन स्टुलावर चढून छताला तळहात लावला, तर ते चांगलेच गरम होते. पाच इंची स्लॅबच्या दोन बाजूंत इतका फरक का? आणि संध्याकाळी पाइपने पाणी मारण्याचा खरोखर उपयोग होतो का?

निवृत्त मास्तर:
दिवसभर वरून शिरलेली उष्णता काँक्रीटमधून सावकाश खाली सरकते, त्यामुळे छताचा खालचा भाग सर्वाधिक तापतो तो भर दुपारी नव्हे, तर आणखी तीन-चार तासांनी. वर कोबा असेल तर त्याहूनही उशिरा. सूर्य मावळल्यावर वरचा पृष्ठभाग निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकत निवत जातो, पण खालच्या बाजूला तसे आकाश नाही, तिथे तुम्ही आहात. पंखा तर छताला टेकलेली गरम हवाच खाली ढकलतो.

साठा किती असतो, याचा हिशेब मांडून पाहा. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. एक किलो काँक्रीट एक अंशाने तापायला साधारण ०.९ किलोज्यूल लागतात, म्हणजे सरासरी १५ अंशांच्या वाढीला ४,०५० किलोज्यूल, अर्थात एक युनिटहून थोडे अधिक. दहा बाय बाराच्या खोलीवर हे सुमारे १२ युनिट होतात; एक किलोवॉटचा हीटर बारा तास चालवावा, तेवढे.

पाण्याचे उत्तर याच आकड्यांत आहे. एक किलो पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जाते, पण तेच पाणी नुसते १५ अंशांनी तापून पन्हाळीतून वाहून गेले तर जेमतेम ६३ नेते. म्हणून पाइपने धो धो पाणी सोडणे वाया जाते. ओले गोणपाट अंथरून ते ओलसर ठेवावे. हिशेबाने त्या खोलीपुरते एका बादलीएवढे पाणी पुरायला हवे, परंतु वाफ काही उष्णता हवेतूनही घेते, तेव्हा प्रत्यक्षात अधिक लागेल.

साइटवरचा:
मास्तरांशी सहमत आहे, पण माझ्या मते उष्णता आत शिरल्यावर ती काढत बसण्यापेक्षा शिरूच न देणे स्वस्त पडते. उघडे सिमेंट उन्हाचा निम्म्याहून अधिक भाग शोषते, तर ताजा चुना बराच मोठा भाग परतवून लावतो. त्यावर धूळ बसली की गुण उतरतो, म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर हात फिरवावा लागतो.

रत्नागिरीकर:
आमच्याकडे मे महिन्यात गोणपाटाचा प्रयोग फसला, कारण हवाच इतकी दमट असते की पाणी वाळता वाळत नाही. विदर्भातल्या कोरड्या हवेत तो चालेल.

गच्चीखालचा (अकोला):
आजोळचे धाब्याचे घर दिवसभर गार असायचे. मग स्लॅब आणखी जाड केला असता तर? की आतून पीओपीचे छत करावे?

साइटवरचा:
धाब्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो आणि भिंतीही दीड-दोन फूट, त्यामुळे उन्हाची लाट आतपर्यंत पोहोचते तेव्हा पहाट होत आलेली असते आणि तोवर तिचा जोरही ओसरलेला असतो. तेवढ्या जाडीचे काँक्रीट ओतणे खिशाला आणि खांबांनाही झेपणार नाही. पीओपीने छताची झळ थोडी अडते, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. उष्णतारोधक थर घालायचाच असेल, तर तो स्लॅबच्या वर घालावा. यंदा आधी चुना मारा आणि रात्री पुन्हा छताला हात लावून पाहा.