प्रतिसाद: किडे आणि तण

वर एकांनी लिहिलंय, "बीटी आलं की रानातले सगळेच किडे मेले." तसं नाही हो. बीटी कापसात एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं; त्यातून तयार होणारं प्रथिन मुख्यतः बोंडअळ्यांवर चालतं. ढालकिडा, मधमाशी सहसा वाचतात. खरी मेख तणनाशक सोसणाऱ्या जीएम (जनुक बदललेल्या) वाणांत आहे. ब्रिटनमधल्या चाचण्यांचे निकाल २००३ साली आले: अशा वाणाच्या बीट-कंदाच्या रानात तण आणि त्याचं बी घटलं, फुलपाखरंही कमी झाली. (मक्यात मात्र उलटं!) आमच्या वाळव्याकडं उसात जीएम वाण नाही, तरी तणनाशकानं बांधावरचा तांदुळजा, घोळ दिसेनाशी झालीय. ते कुणाच्या नावावर घालायचं? कृष्णाकाठच्या वांग्यात बीटी मिसळेल, ही धास्ती मात्र रास्त. २०१० पासून भारतात बीटी वांग्याला स्थगिती आहे, आणि वांग्याचा रानवांग्याशी संकर होऊ शकतो.