ऑनलाइन जुळलं आणि फसलं : तुमचे अनुभव सांगा

२०२२ सालची 'द टिंडर स्विंडलर' ही डॉक्युमेंटरी मी काल, म्हणजे बऱ्याच उशिरा पाहिली. हिरेव्यापाऱ्याचा मुलगा म्हणून मिरवणारा भामटा, खाजगी विमानं, आणि मग एकदम 'माझ्या जिवावर उठलेत, माझं कार्ड वापरता येत नाही, तुझ्या नावावर कर्ज काढ ना'. एकीच्या कर्जातून दुसरीला विमानात फिरवायचं, याची टोपी त्याच्या डोक्यावर. २०१९ मध्ये तो ग्रीसमध्ये पकडला गेला, इस्रायलमध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली आणि ५ महिन्यांत बाहेरही आला. तीही जुन्या गुन्ह्यांसाठी, या मुलींच्या पैशांसाठी नाहीच.

आमच्याकडे पहिली प्रतिक्रिया काय, तर "इतक्या शिकलेल्या मुली, कळत कसं नाही?" मी गप्प बसले, कारण मलाही कळलं नव्हतं. माझा 'तो' समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनियर होता. नेटवर्क नाही म्हणून व्हिडिओ कॉल नाही, पण रात्री दोनला लांबलचक मेसेज बरोबर यायचे. (तेव्हा नेटवर्क कुठून यायचं, हे डोक्यातच आलं नाही.) त्याचे फोटो मी गूगलवर शोधूनही पाहिले होते. काही सापडलं नाही, म्हणून विश्वास आणखीच बसला.

शेवटी आईने पकडलं. तिचं आयुष्य शिवणकामात गेलंय. फोन हातात घेऊन, चष्मा वर सरकवून म्हणाली, "अगं, याच्या शर्टाची बटणं बायकी बाजूला कशी?" सगळे फोटो आरशातल्यासारखे उलटे केलेले होते. सरळ करून शोधले, तर दहा मिनिटांत खरा माणूस सापडला, वेगळ्या नावाचा, बायको-मुलांसकट. पैसे मागायची वेळ यायच्या आत संपलं. तरी कित्येक दिवस रात्री दोनला जाग यायची.

तुमच्या बाबतीत, घरात, ओळखीत असं काही घडलं असेल तर लिहा. नावगाव नको.

* * *

वडिलांबद्दल लिहितो. आई गेल्यानंतर वर्षभराने त्यांना एक मेसेज आला, 'सॉरी, चुकून तुम्हाला आला.' बाबांनी सभ्यपणे 'हरकत नाही' असं कळवलं आणि तिथून सुरू झालं. पहिले दोन महिने पैशांचं नावही नाही. गोळ्या घेतल्या का, चालायला गेलात का. (हे मी विचारायला हवं होतं, असं मला पुष्कळांनी ऐकवून झालंय.) मग एकदा बोलता बोलता तिने ट्रेडिंगचं एक ॲप सुचवलं. बाबांनी थोडे पैसे टाकले, नफ्यासकट काढून पाहिले, ते खरंच खात्यात आले. खरी मेख तीच. त्यानंतर एफडी मोडल्या. ॲपवरचा आकडा फुगत राहिला आणि काढायला गेलं की 'आधी कर भरा'.

या प्रकाराला चिनी भाषेत 'डुक्कर पोसून कापणं' अशा अर्थाचा शब्द आहे. मी शहाणपणा करून तो बाबांना सांगितला. ते उठून आत गेले. पुन्हा मी घरात तो शब्द काढला नाही.

पुढे 'बुडालेले पैसे काढून देतो' म्हणणारा एक वकीलही उगवला. फी अर्थातच आधी. तीच टोळी असेल, नाहीतर यादी विकत घेतलेली दुसरी. तेवढं मी थांबवू शकलो. तिच्याशी झालेल्या गप्पा बाबांनी अजून डिलीट केलेल्या नाहीत.

* * *

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एकीने माझ्याकडे पैसे मागितले, मी नाही म्हटलं, ती गेली. विषय संपला. टाळी एका हाताने वाजत नाही.

* * *

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! मी बँकेत काउंटरवर बसते. समोर एक बाई. "एवढी रक्कम कशासाठी?" "घराच्या दुरुस्तीसाठी." "ज्यांना पाठवताय त्यांना ओळखता?" "कॉन्ट्रॅक्टर आहेत." प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. ज्याच्या घरी खरंच दुरुस्ती चालू असते, तो आधी दोन मिनिटं कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने खडे फोडतो. मी मॅनेजरना बोलावलं. बाई भडकल्या, "पैसे माझे आहेत." तेही खरंच. तेवढ्यात त्यांनी पर्स काउंटरवर आपटली आणि आतला फोन दिसला. कॉल चालू होता, ३४ मिनिटं.

* * *

मी दुसऱ्या बाजूला होते. २०१० च्या 'कॅटफिश' या डॉक्युमेंटरीत एका मुलाला ऑनलाइन भुलवणारी सुंदर तरुणी, तिचे नातेवाईक, मित्र, ही सगळी खाती एक मध्यमवयीन बाईच चालवत असते. खोट्या प्रोफाइलसाठी हा शब्द रूढ झाला तो त्यावरूनच. बघणारे त्या मुलासाठी हळहळतात, मला तिची चित्रं आठवतात. लहान मुलीच्या नावावर खपवलेली असली, तरी काढली होती तिनेच.

मी १९ वर्षांची असताना भलत्याच मुलीचा फोटो लावून एका मुलाशी ८ महिने बोलले. पैसे नको होते, सूड नव्हता. विनोद माझे, रडणं माझं, चेहरा तेवढा माझा नव्हता. तो भेटू म्हणाला की मी 'तिला' आजारी पाडायचे. शेवटी तिचा अपघात घडवला आणि खातं बंद केलं. तो कितीतरी दिवस हॉस्पिटलांत फोन करून विचारत होता, हे पुढे कानावर आलं. माफी मागितलेली नाही. कुठल्या नावाने मागू?

* * *

माझे फोटो चोरून कुणीतरी प्रोफाइल चालवत होतं. मला कळलं ते एका अनोळखी बाईंच्या मेसेजमुळे. फसवणूक लक्षात आल्यावर त्यांनी खरा माणूस शोधून काढला होता, मला सावध करायला. चांगल्या बोलल्या. मध्येच म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा ताप..." आणि थांबल्या. मला मुलगी नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "एकदा फक्त हॅलो म्हणून पाठवाल?" मी रेकॉर्ड करून पाठवलं. बराच वेळ काहीच नाही. मग उत्तर आलं, "नाही, हा तो आवाज नाही. बरं झालं."