विषय: पुन्हा: शनिवारचे स्नोबॉल (पिठीसाखरेत घोळवलेली गोल बिस्किटं), वरची साखर ओली होतेय

स्टॉल समितीकडून:
नमुन्याच्या डब्यातली वरची पिठीसाखर रात्रीत ओली, पिवळट झाली. प्रमाण मागच्या वर्षीचंच: बटर २२५ ग्रॅम, पिठीसाखर ६०, मैदा (जर्मन ४०५ नंबरचा) २८०, अक्रोडाची भरड १००. १७५ अंशावर १४ मिनिटं. उद्यापर्यंत उपाय हवा.

खजिनदार काकू:
कोमट असतानाच डब्याचं झाकण लावलं असणार. आतली वाफ साखरेत मुरते, वर बटरही झिरपतं. दोनदा घोळवा. ओव्हनमधून काढल्यावर ५ मिनिटांनी पहिल्यांदा. ही साखर विरघळून चिकट अस्तर होतं, ते हवंच असतं. तासाभराने पूर्ण गार झाले की दुसऱ्यांदा. पांढरी दिसते ती हीच. पहिल्या ५ मिनिटांच्या आत उचललेत तर गोळा फुटेल. यात अंडं नाही, गार होताना घट्ट होणारं बटरच त्याला धरून ठेवतं. आणि मिक्सरमध्ये वाटलेली साखर नको, कण जाड राहतात.

कार्यकारिणी (माजी):
बटरमध्ये पाणी असतंच. साजूक तूप घ्या, नानकटाईसारखं. २२५ ऐवजी १८० ग्रॅम.

खजिनदार काकू:
तूप चालेल, पण पातळ नको. रवाळ, घट्ट तूप पांढरं होईस्तोवर फेसा, गोळे वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. नाहीतर ट्रेवर पसरून चपटे होतात. पण डबा गरम असताना बंद केला तर तुपानेही साखर वाचणार नाही.

सांस्कृतिक विभाग:
इथलेच, जर्मनीतल्या रोटेनबुर्गचे श्नेबालन (पट्ट्यांचे तळलेले गोड गोळे) का नाहीत? पोळी साधारण १५ सेंटिमीटर, कड न तोडता करंजीच्या कातण्याने पट्ट्या पाडायच्या, एकआड एक पट्टी काठीवर उचलून सैल गोळा करायचा आणि गोल चिमट्यात धरून तळायचा. कातणं सगळ्यांकडे आहेच.

स्टॉल समितीकडून:
त्यात अंड्याचे बलक असतात, बऱ्याच कृतींत दारूही. आपल्या फलकावर ‘अंडं नाही’ लिहिलंय. हॉलमध्ये तळणीला परवानगी नाही, हे मागच्या बैठकीत ठरलंय. तो विषय स्टॉल समितीचा आहे, इथे पुन्हा उघडू नये.

बालविभाग:
पाकिटावर ‘अक्रोड आहे’ असं मोठ्या अक्षरांत हवं. बिनअक्रोडाचे वेगळे करायचे तर १०० ग्रॅम भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया भरड वाटून घाला. ट्रे, वाटी आणि साखरेची परातही वेगळी. एकाच परातीत घोळवलेत तर वेगळे करून उपयोग नाही.

खजिनदार काकू:
दुसऱ्या थरासाठी बेकिंगच्या सामानात मिळणारं ‘डेकोरश्ने’ घ्या. ती द्राक्षशर्करा असते, कणांवर स्निग्ध पदार्थाचा लेप असल्याने ओल धरत नाही. गोडी कमी, म्हणून पहिला थर साध्या साखरेचाच हवा. डब्यात दोन थरांमध्ये बटर पेपर घाला, तिसरा थर नको. शेवटची भुरभुर हॉलवरच करू. बारीक चाळणी कोण आणतंय?