दिवसाउजेडी शुक्र कसा शोधावा?

होटगीरोड यांचा प्रश्न:
सध्या पहाटे पूर्वेला शुक्र ठळक दिसतो. मात्र सूर्य उगवल्यानंतर थोड्याच वेळात तो गच्चीवरून दिसेनासा होतो. भर दुपारीही तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो असे वाचले आहे. मोबाईलमधील अ‍ॅपने दाखवलेल्या दिशेला बराच वेळ पाहिले, पण निळ्या आकाशाखेरीज काही दिसले नाही. त्यासाठी नजर विशेष तीक्ष्ण लागते, की पाहण्याची काही वेगळी रीत आहे? गुरूही असा दिसतो का?

पहाटतारा:
साधारण नजर पुरते. शुक्राची दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका उणे तितके तेज जास्त) उणे ४ किंवा त्याहून उजळ असते, म्हणजे व्याधाच्या सुमारे दहा ते पंधरा पट तेज. अडचण वेगळीच आहे. रिकाम्या आकाशात नजरेला टेकायला काहीच मिळत नाही, तेव्हा डोळ्याचे भिंग आपोआप एक-दोन मीटरवर स्थिरावते आणि सुईच्या टोकाएवढा तो ठिपका पसरून निळ्या रंगात विरून जातो. म्हणून आधी दूरच्या एखाद्या टाकीवर किंवा मनोऱ्यावर नजर स्थिर करावी आणि लगेच वर न्यावी. चष्मा लांबचा असेल तर तो लावावाच. चंद्राची कोर शुक्राजवळ असेल त्या दिवशी हे काम फारच सोपे होते.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पहाटेपासून त्याला नजरेआड होऊ न देणे. भिंतीच्या कोपऱ्यावर शुक्र येईल अशा जागी उभे राहून पायांजवळ खडूची खूण करावी आणि दर दहा मिनिटांनी त्याच खुणेवर येऊन पाहावे. तेवढ्या वेळात तो अडीच अंश, म्हणजे लांब धरलेल्या मुठीच्या पाव रुंदीइतका, सरकतो. सूर्य मात्र कायम भिंतीआड हवा.

पंचांगप्रेमी:
गच्चीवरच्या स्लॅबमधील सळया आणि लोखंडी टाक्या यांच्याजवळ मोबाईलचे होकायंत्र सर्रास भरकटते, त्यामुळे दिशेपेक्षा सूर्यापासूनचे अंतर धरावे. आपल्याच गावचे दाते पंचांग घरात असेलच. त्यातील स्पष्ट रवी आणि स्पष्ट शुक्र (म्हणजे सूर्य व शुक्र यांची राशिचक्रातील त्या दिवशीची स्थाने) यांची वजाबाकी केली की अंतर अंशांत मिळते. पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांपासून राशी मोजणारे, असले तरी त्यासाठीचा फरक (अयनांश) दोघांतूनही सारखेच वजा झालेले असल्याने फरक बिघडत नाही. हे अंतर कधीही ४७ अंशांच्या फारसे पुढे, म्हणजे दीड राशीच्या फारसे पलीकडे, जात नाही. सोलापूरचा मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास होतो. त्यामुळे पहाटेचा शुक्र सूर्याच्या ४५ अंश पुढे असेल तर साडेनऊच्या सुमारास तो मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो. पंचांगात शुक्राचा अस्त लिहिलेला असताना हा खटाटोप करू नये, कारण तेव्हा तो सूर्याच्या फारच जवळ असतो.

दुर्बीणवाला:
दुर्बिणीने शोधणार असाल तर पूर्ण सावलीत बसा. एक क्षण सूर्य भिंगात आला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि लहान मुलांच्या हाती तर दुर्बीण देऊच नये. आणखी एक गोष्ट हवेची. वैशाखात धुळीमुळे आपल्याकडचे आकाश दुधट होते आणि शुक्र त्यात हरवतो. पाऊस उघडल्यानंतरचे स्वच्छ दिवस निवडावेत. भिंतीआड सूर्य लपवून कडेपर्यंत आकाश निळे दिसले, तर हवा चांगली समजावी.

होटगीरोड:
आभारी आहे. पंचांग घरात असूनही त्याचा हा उपयोग सुचला नव्हता. गुरूचे मात्र राहिलेच.

पहाटतारा:
गुरू सर्वांत तेजस्वी असतो तेव्हा तो सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणजे सूर्य मावळताना उगवतो. दिवसा पाहण्यासाठी ते तेज निरुपयोगी. सूर्यापासून साधारण ९० अंशांवर असताना सूर्यास्ताच्या थोडे आधी तो दुर्बिणीने सापडतो, आणि एकदा सापडला की कधीकधी नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. तेवढ्या अंतरावरील आकाशाचा प्रकाश बराच ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असल्याने कॅमेऱ्याचा ध्रुवण फिल्टर डोळ्यासमोर फिरवून पाहावा. आकाश गडद होते, गुरूचे तेज मात्र त्या मानाने कमी घटते. भर दुपारी नुसत्या डोळ्यांनी पाहायचे असेल, तर शुक्रावरच समाधान मानावे.