ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब मधल्या सर्व्हरशिवाय ठेवता येईल का?

प्रश्न (केज, जि. बीड)
नमस्कार. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांसाठी मी एक लहान ॲप लिहीत आहे. कोयत्याने, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याने, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), रोज भरलेले टन आणि फिटलेली रक्कम त्यात नोंदवून गावी राहिलेल्या घरच्यांना पाठवायची, एवढेच त्याचे काम. आज हा हिशेब मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत असतो. माझ्या आईने सहा हंगाम त्या वहीत अंगठा उमटवला, पण तीत काय लिहिले आहे हे तिला कोणी कधीच वाचून दाखवले नाही. नोंदीच नव्हे, तर कोण कोणाला त्या पाठवतो हेही कोणाच्या सर्व्हरवर राहू नये, असे मला वाटते. त्यासाठी व्हेलिड, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय ॲपमधून निरोप पाठवू देणारी प्रणाली, वापरावे का?

उत्तर (लातूर)
तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. एन्क्रिप्शनमुळे (मजकूर सांकेतिक रूपात बदलल्याने) मजकूर झाकला जातो; कोणी, कोणाला, केव्हा पाठवले हे मात्र मधल्या सर्व्हरला सहसा दिसतच राहते. व्हेलिड ऑगस्ट २०२३ मध्ये लास वेगासच्या डेफ कॉन या हॅकर परिषदेत ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या हॅकर गटाने जाहीर केले. ते रस्ट भाषेत लिहिलेले, मुक्त स्रोत आहे आणि फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनातून वापरता येते. त्यात प्रत्येक फोन हा एक नोड, म्हणजे जाळ्यातील एक गाठ, असतो, ओळख सार्वजनिक किल्लीने (इतरांना देता येणाऱ्या सांकेतिक आकड्याने; त्याची जोड-किल्ली फक्त आपल्याकडे असते) ठरते आणि निरोप खाजगी मार्गाने, इतर नोडांच्या हातून पुढे जातो, त्यामुळे दोन्ही टोकांना एकमेकांचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील ठिकाण) कळण्याची गरज राहत नाही.

उत्तर (नांदेड)
वरील माहिती बरोबर आहे, परंतु अडचण फडात आहे. पालावर वीज नसेल आणि फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होत असेल, तर दोन्ही फोन एकाच वेळी चालू असण्याची खात्री धरता येत नाही. व्हेलिडमध्ये सर्व नोडांवर विखुरलेल्या तक्त्यात निरोप ठेवून देता येतो, तरीही मूळ नोंद दोन्ही फोनांवर जपावी आणि पोच मिळेपर्यंत ती पुन्हा पाठवत राहावी. पालापालांत देवाणघेवाण हवी असेल तर ब्रायर हे निरोपांचे ॲप अवश्य अभ्यासा. ते इंटरनेट नसताना ब्लूटूथ व वाय-फायवरून निरोप पोहोचवते आणि इंटरनेट असताना टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून.

उत्तर (लातूर)
एक राहिले. मुकादमाने फोनच मागून घेतला, तर कोणतेही नेटवर्क उपयोगी पडणार नाही. ॲपला स्वतंत्र पिन ठेवा आणि नोंदी फोनमध्येही एन्क्रिप्ट करून ठेवा. आपल्या गुप्त किल्लीची प्रत घरी कागदावर असू द्या, कारण हरवलेली किल्ली परत देणारा येथे कोणीच नसतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रथम दोनच फोनांवर, एक पालावरचा आणि एक आईजवळचा, पोच मिळेपर्यंत नोंद पाठवत राहण्याचा भाग लिहितो. आईला अक्षरओळख नाही, म्हणून प्रत्येक नोंद मराठीत वाचून दाखवणारे बटण त्याआधी बसवीन.