चालू टेबलातील कॉलमचा प्रकार बदलणे इतके जड का जाते?

नोंदवही:
आमच्याकडे पोस्टग्रेस या डेटाबेसची १४ वी आवृत्ती आहे. एका मोठ्या टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख पटवणारा कॉलम) इंटिजर, म्हणजे चार बाइटांच्या पूर्णांक प्रकारची असून तिचे मूल्य २,१४,७४,८३,६४७ या कमाल मर्यादेजवळ पोचत आहे, म्हणून तो कॉलम बिगइंट (आठ बाइटांचा पूर्णांक) करायचा आहे. चाचणीच्या प्रतीवर एका ओळीची ‘ऑल्टर टेबल’ आज्ञा दिली, तर ती तासन्‌तास संपेना आणि तोवर साधी ‘सिलेक्ट’ क्वेरीसुद्धा थांबून राहिली. याच टेबलात डिफॉल्ट मूल्यासह नवा कॉलम मात्र क्षणात जोडला गेला होता. हा फरक का पडतो, आणि सेवा बंद न ठेवता हा बदल कसा करावा?

पानओळ:
नवा कॉलम जोडताना पोस्टग्रेस जुन्या ओळींना हातच लावत नाही. २०१८ मधील ११ व्या आवृत्तीपासून स्थिर डिफॉल्ट मूल्य कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींमध्ये) एकदाच नोंदवले जाते आणि जुनी ओळ वाचताना तेथून घेतले जाते. तुमच्या बदलात मात्र प्रत्येक ओळीतील चार बाइटांच्या जागी आठ बाइट यावे लागतात, त्यामुळे संपूर्ण टेबल नव्याने लिहिले जाते, त्यावरचे इंडेक्स पुन्हा बांधले जातात आणि हे सारे संपेपर्यंत वाचनालाही अडवणारे ‘ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह’ लॉक धरून ठेवले जाते.

माझ्या मते खरा धोका रांगेचा आहे. क्षणात होणारा बदलही आधीपासून चालू असलेली लांबलचक क्वेरी संपण्याची वाट पाहतो, आणि तो रांगेत असेपर्यंत त्याच्यामागून आलेल्या सगळ्या क्वेरी अडकून पडतात. म्हणून अशा प्रत्येक आज्ञेआधी ‘लॉक टाइमआउट’, म्हणजे लॉकसाठी थांबण्याची मर्यादा, दोन-तीन सेकंदांचा ठेवावा आणि लॉक न मिळाल्यास काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

टप्प्याटप्प्याने:
मार्ग लांबचा आहे, पण भरवशाचा आहे. बिगइंट प्रकारचा नवा, रिकामा कॉलम जोडा. नव्या व बदललेल्या ओळींचे मूल्य त्यात आपोआप जावे यासाठी ट्रिगर (ओळ बदलताच आपोआप चालणारा कोड) लावा. आणि जुन्या ओळी काही हजारांच्या तुकड्यांनी भरत जा, म्हणजे ओळींच्या जुन्या, निकामी प्रती साफ करणाऱ्या व्हॅक्यूमलाही मधे उसंत मिळेल. नंतर त्या कॉलमवर ‘कॉन्करंटली’ पद्धतीने, म्हणजे लेखन न अडवता, युनिक इंडेक्स बांधा. ‘नॉट नल’साठी (कॉलम रिकामा राहू नये या अटीसाठी) आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून, म्हणजे जुन्या ओळी न तपासता, चेक कन्स्ट्रेंट घालून तो सवडीने तपासून घ्या. १२ व्या आवृत्तीपासून असा तपासलेला कन्स्ट्रेंट असल्यास ‘सेट नॉट नल’ संपूर्ण टेबल पुन्हा वाचत नाही. शेवटी नावांची अदलाबदल आणि नव्या इंडेक्सवर प्रायमरी की बसवणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही होणार नाही अशा गटात) उरका.

इतर टेबलांतून या कीकडे येणाऱ्या फॉरेन की (संदर्भाचे दुवे) आणि त्यांचे कॉलम यांनाही हेच सोपस्कार लागतील. बहुतेक वेळ तिथेच जातो. कॉलम ‘सीरियल’ (आपोआप क्रमांक घेणारा) असेल तर त्याचा सिक्वेन्सही, म्हणजे पुढचा क्रमांक देणारा गणकही, इंटिजर प्रकारचाच असतो, तोही बिगइंट करावा लागतो. त्याची मालकी नव्या कॉलमकडे दिली नाही, तर जुना कॉलम काढायच्या वेळी सिक्वेन्स आड येतो.

दुसरेइंजिन:
मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी एवढेच: ८.०.१२ पासून तिथेही कॉलम तत्काळ जोडता येतो, पण प्रकार बदलताना टेबलाची प्रत बनते आणि तोवर लेखन थांबते. पोस्टग्रेसप्रमाणे रचनेचा बदल ट्रान्झॅक्शनमध्ये घालून मागे घेण्याची सोय तिथे नाही. त्यामुळे गोस्टसारखी साधने सावली-टेबल तयार करून, बिनलॉगमधून (डेटाबेसमधील बदलांच्या नोंदवहीतून) बदल वाचून, शेवटी टेबलांची अदलाबदल करतात.

नोंदवही:
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. या कॉलमवर काही व्ह्यूही (टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरी) आहेत. नावांची अदलाबदल केल्यावर ते आपोआप नव्या कॉलमकडे वळतील का?

टप्प्याटप्प्याने:
नाही. व्ह्यू कॉलमला नावाने नव्हे, तर टेबलातील त्याच्या अंतर्गत क्रमांकाने ओळखतो. त्यामुळे अदलाबदलीनंतरही तो जुन्याच कॉलममधील मूल्ये निमूटपणे देत राहील आणि कुठेही त्रुटी दिसणार नाही. ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ला प्रकार बदललेला चालत नाही, तेव्हा ते व्ह्यू त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये काढून पुन्हा तयार करा आणि त्यांवरचे परवानेही पुन्हा द्या.