विषय: एस १३४८ – सिनेटरना मंडळाच्या नावाने विरोधाचं पत्र

२२ मे २००७, एडिसनहून

मंडळी, सप्रेम नमस्कार.

एरवी या लिस्टवर मी दिवाळी अंकांच्या ऑर्डरीपुरता उगवतो, पण आज जरा लांबड लावणार आहे. कालपासून सिनेटमध्ये इमिग्रेशनच्या बिलावर (एस १३४८) चर्चा सुरू झाली आहे. न्यू जर्सीच्या दोन्ही सिनेटरना आपल्या मराठी मंडळाने विरोधाचं पत्र पाठवावं, असं माझं म्हणणं आहे.

त्यातला झेड व्हिसाचा भाग वाचा. १ जानेवारी २००७ च्या आधीपासून जो विनापरवाना इथे राहतोय त्याने अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे. पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर चौकशीत काही निघालं नाही, तर तात्पुरता परवाना हातात. असे लोक एक कोटी वीस लाखांच्या घरात आहेत म्हणतात. एफबीआयच्या त्याच नेम चेकमध्ये (नावावरून होणाऱ्या चौकशीत) आपल्यातल्या किती जणांच्या फायली दोन-दोन वर्षं पडून आहेत? एका दिवसात चौकशी उरकणारं हे खातं इतकी वर्षं होतं कुठे?

आता आपली बाजू. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, तीही बायकामुलं धरून. एका देशाला ७ टक्के, म्हणजे साधारण ९,८००. भारत असो की आइसलंड, मर्यादा तीच. जूनच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (सरकारचं रांगेचं मासिक पत्रक) भारताची ईबी-३ ची (नोकरीवरच्या ग्रीन कार्डांतली तिसरी कॅटेगरी) तारीख १ जून २००३ आहे, म्हणजे त्याआधीच्या अर्जांचाच नंबर लागलाय. माझी प्रायॉरिटी डेट (रांगेत नाव लागल्याची तारीख) २००४ ची. यंदा एच-१बीचा (आपल्यासारख्यांचा नोकरीचा तात्पुरता व्हिसा) ६५,००० चा कोटा २ एप्रिलला, पहिल्याच दिवशी संपला, हे वेगळंच.

१९८६ साली रेगननी असल्याच कायद्यावर सही केली तेव्हाही 'आता एकदाच' असंच सांगितलं होतं. सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. विनापरवाना लोकांना कामावर ठेवणाऱ्या मालकांवर कारवाई करायचं कलमही त्याच कायद्यात होतं, ते कागदावरच राहिलं. म्हणून आज पुन्हा हे बिल.

—

२३ मे, मॉरिस काउंटीहून

अरे, पत्राची घाई करू नकोस.

मी १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे आलो. त्यांना इंजिनियर हवे होते म्हणून आम्हाला दार उघडलं, आमची काही पुण्याई नव्हती. ओक ट्री रोडवर शनिवारी आपण जेवायला जातो, तिथे आत भांडी कोण घासतं ते कधी डोकावून बघ. आणि विनापरवाना राहणारे सगळे काही मेक्सिकोहून नदी ओलांडून आलेले नाहीत. व्हिसा संपला आणि राहून गेले, असे आपल्यातही आहेत. नावं घेत नाही. त्यांची मुलं आपल्या रविवारच्या मराठी शाळेत येतात. मंडळाच्या लेटरहेडवर असं पत्र गेलं तर ती पुढच्या रविवारी येतील का?

तरीही हे बिल पडावं असं मलाही वाटतं. कारण वेगळं आहे. भावंडांची कॅटेगरी यात बंदच होते. १ मे २००५ नंतर दाखल झालेले अर्ज सरळ केराच्या टोपलीत. मी साताऱ्याच्या धाकट्या बहिणीचा अर्ज २००६ मध्ये भरला. आईवडिलांवरही वर्षाला ४०,००० ची मर्यादा येणार. त्याजागी शंभर गुणांची परीक्षा, त्यात नात्याला जास्तीत जास्त १० गुण. बहीण काय मेरिट लिस्टमध्ये बसवायची वस्तू आहे?

—

२३ मे, पार्सिपनीहून

दोघांनाही नमस्कार. दोनच गोष्टी.

झेड व्हिसा म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. आधीचा सगळा बॅकलॉग संपल्याशिवाय त्या लोकांना ग्रीन कार्ड मिळणार नाही, आणि त्यासाठी कुटुंबप्रमुखाला देशाबाहेर जाऊन अर्ज करावा लागेल. दंड आहे, इंग्रजीची अट आहे. "ते आपल्या पुढे घुसले" असं पत्रात लिहिलंत तर सिनेटरच्या ऑफिसातली पहिली इंटर्नसुद्धा ते खोडून काढेल.

दुसरं, आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहोत. उमेदवाराचा प्रचार अजिबात चालत नाही. बिलावर थोडंफार मत मांडलेलं चालतं. तेव्हा कायद्याची आडकाठी नाही, पण सभासदांत एकमत आहे का?

—

२४ मे, एडिसनहून

ताई, ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल मी भांडतच नाहीये. मधली वर्षं कशी जातात त्याबद्दल बोलतोय. झेडवाला कुठल्याही मालकाकडे काम करू शकेल, त्याची बायकोही करू शकेल. माझी बायको एच-४ वर आहे, म्हणजे एच-१बीवाल्याच्या बायकोच्या व्हिसावर; तिला नोकरी करता येत नाही. पुण्यात तिने आठ जणांची टीम सांभाळली, इथे लायब्ररीत फुकट काम करते. मी नोकरी बदलली की लेबर सर्टिफिकेशन (ग्रीन कार्डासाठी मालकाने करायची पहिली पायरी) पुन्हा पहिल्यापासून. ४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) भरून १८० दिवस झाले की मोकळीक मिळते, पण तारीख लागल्याशिवाय ४८५ भरताच येत नाही. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं, पगारवाढीच्या वेळी तर फारच. नियम पाळणाऱ्याचे हात बांधलेले आणि मोडणाऱ्याचे मोकळे, यालाच माझा विरोध आहे.

काका, भांडी घासणाऱ्यावर माझा राग नाही. शाळेतल्या मुलांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. लेटरहेड नको. मी माझ्या नावाने लिहितो, ज्यांना पटेल त्यांनी आपापल्या सहीने पाठवा. भावंडांचं कलमही त्यात घालतो.

—

८ जून, सचिव

कार्यकारिणीचा निर्णय: मंडळाच्या नावाने कुठलंही पत्र जाणार नाही. वैयक्तिक पत्रांचा मसुदा हवा असल्यास एडिसनकरांना परस्पर मेल करावी. काल सिनेटमध्ये चर्चा संपवण्याचा ठराव पडला, पण बिल पुन्हा येईल असं दिसतंय.

—

८ जून, मॉरिस काउंटीहून

आपल्या सिनेटर मेनेंडेझनी परवा नातेवाइकांच्या अर्जांची तारीख १ मे २००५ वरून १ जानेवारी २००७ पर्यंत पुढे न्यायची दुरुस्ती मांडली होती. बाजूने ५३, विरोधात ४४, तरी पडली. ६० हवी होती म्हणे. बहुमत मिळूनही हरायचं, हे गणित मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. त्यांच्या ऑफिसला आभाराचा फोन केला. आता उरलेल्यांना विरोधाचे करतो.

—

२८ जून, एडिसनहून

बिल पडलं! चर्चा संपवण्याच्या ठरावावर ४६ विरुद्ध ५३. लोकांनी इतके फोन केले की सिनेटचा स्विचबोर्ड बंद पडला. काका, तुमच्या बहिणीचा अर्ज शाबूत आहे.

बॅकलॉग आहे तिथेच आहे, पण जुलैच्या बुलेटिनमध्ये ईबी-३ सकट जवळजवळ सगळं करंट झालंय, म्हणजे तारखेची अट उठलीय, तेव्हा सोमवारी माझी ४८५ ची फाइल पोचती होतेय. बायकोचं मेडिकल तेवढं राहिलंय. एडिसनमधले सगळे सिव्हिल सर्जन (या मेडिकलसाठी सरकारने नेमलेले डॉक्टर) फुल्ल आहेत. उद्या किंवा शनिवारी कोणाकडे अपॉइंटमेंट मिळत असेल तर कृपया लगेच कळवा, लांब असलं तरी चालेल.